मामंजींची नळी

तापिओला, मिशिगन
२५ सप्टेंबर १९८८

प्रिय तौनो भावोजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन करून काही उपयोग नाही. कारखान्यातल्या यंत्रांनी तुमचे निम्मे कान नेले आणि उरलेले तुम्ही स्वतःच बंद करून घेतलेत. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं बरं आहे. बटाटे काढून झाले, यंदा बरे आले. सौनाच्या न्हाणीघराचं धुराडं या वेळी मीच झाडलं आणि वरून उतरताना शिडीवरून पडता पडता वाचले. लाकडंही मीच फोडते आहे. हात माझे आधीच पुरुषी, तुम्ही लग्नातच म्हणाला होतात, ते मी विसरलेले नाही.

आता कामाचं लिहिते. मला एक बंदूक घ्यायची आहे, आणि माझ्या ओळखीत तुमच्याइतकं त्यातलं कळणारं दुसरं कुणी नाही. तुमच्या भावाच्या, आर्वोच्या, उजव्या खांद्याचं उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. त्याची ती जड बंदूक आता त्याच्याच्याने उचलवत नाही, आणि तिचा धक्का खांद्याने घेणं तर नकोच. पण पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की हा माणूस घरात बसणार नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? ताप अंगात असताना तुम्ही दोघं खिडकीतून पळाला होतात, मामंजी मागून ओरडत होते.

तर मी पेनहेलच्या बंदुकांच्या दुकानात गेले. मला हवी ती मधे मोडून उघडणारी, एका वेळी एकच काडतूस घेणारी, हलकी, आणि नळी बदलता येणारी. म्हणजे आता हरणाची नळी लावली, आणि पुढेमागे त्याला बरं वाटलं, तर त्याच दस्त्यावर पाखरांची लावता येईल. पुढच्या लाकडाचा एक स्क्रू काढला की नळी हातात येते, हे मला पेनहेलने तीनदा दाखवलं. मी ते तेवीस वर्षांची असल्यापासून बघत आले आहे, पण त्याला बोलू दिलं.

त्याने तीन काढून ठेवल्या. एक मोठ्या नावाची, तिला कुठलीही नळी कुठेही बसते, घासाघासी नाही. किंमत ऐकून मी विचारलं, यात हरीणही मिळतं का. दुसरी जुनी, कुणीतरी विकलेली. ती बंद केली तरी नळी आणि दस्ता यांच्यामधून उजेड दिसत होता. पेनहेल स्वतःच म्हणाला की हिच्या नादी लागू नकोस. तिसरी साधी, बर्चच्या लाकडाची, आमच्या खिशाला झेपणारी. दिसायला गरीब आहे, पण बंद होताना आवाज खणखणीत करते. ती मला आवडली.

मग मी म्हटलं, हिचा नुसता दस्ता घेतला आणि नळी घरातली जुनी लावली तर? म्हणाला, कुणाची नळी? मी म्हटलं, मामंजींची. तेव्हा तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला की मामंजींचीही हीच बनावट, आणि हिची प्रत्येक नळी तिच्या तिच्या दस्त्याला कारखान्यात घासून जुळवलेली असते. दुसऱ्या दस्त्यात बसवायची तर नळीच्या बुडाखालचा तो दात कानशीने घासावा लागेल. आणि एकदा घासला की मूळच्या दस्त्यात ती परत कधी घट्ट बसणार नाही.

मूळचा दस्ता कुठे आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी भांडण उकरत नाही. मामंजी जाताना म्हणाले, बंदूक दोघांची. आणि तुम्ही दोघा शहाण्यांनी खरंच वाटून घेतली. तुम्ही दस्ता आणि पाखरांची नळी घेऊन फ्लिंटला गेलात, आर्वोने हरणाची नळी फ्लॅनेलात गुंडाळून कपाटावर ठेवली. कायद्याने बंदूक तुमच्याकडे, आमच्याकडे नुसता पाइप. त्यात आर्वो म्हणाला की थोरला मी, तुम्ही म्हणालात की आजारपण मी काढलं, आणि पुढचं मी लिहीत नाही, ते आपल्या तिघांनाही पाठ आहे. दरवर्षी मीच ती नळी खाली काढून तेल लावते. तुम्ही दस्त्याला लावत असालच.

मला वाईट वाटतं ते बंदुकीचं नाही. घरात एकच बंदूक होती तेव्हा मामंजींनी घालून दिलेला नियम मला आवडायचा. पहिल्या दिवशी एकाने धरायची, दुसऱ्याने शेजारी बसायचं, आणि पुढच्या वर्षी उलटं. एकच काडतूस. चुकलं तर दोघांनी मिळून घरी यायचं आणि मामंजींच्या शिव्या खायच्या. तुम्ही दोघं मोठे, मिशा फुटलेले, तरी रानातल्या त्या शिकारीच्या खोपट्यात मांडीला मांडी लावून बसायचात.

तर सांगा भावोजी, कुठली घेऊ? तुमचं काय मत असेल ते कळवा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल. ऑक्टोबर संपायच्या आत आलं तर बरं होईल, कारण, म्हणजे, हंगाम जवळ आला.

आज निसूचा गोड पाव भाजला आहे, वेलदोडा जरा जास्तच पडला. तुम्हाला पाठवला असता, पण टपालात शिळा होईल. तो इथे येऊनच खायचा असतो.

तुमची वहिनी,
हेल्मी


तापिओला
७ नोव्हेंबर

तौनो भावोजी,

ऑक्टोबर संपला. तुमच्या दोन ओळी आल्या नाहीत. मी रोज टपालपेटीपर्यंत जायचे, बर्फ पडायला लागल्यावरही जायचे, आणि टपालवाला लांबूनच मान हलवायचा. शेवटी शेवटी तर तो मला बघून दुसरीकडे तोंड करायला लागला.

बरं. मी माझं ठरवलं. ती बर्चच्या लाकडाची घेतली, आणि पेनहेलला म्हटलं, नळी घास. त्याने दोनदा विचारलं की नक्की का. मी म्हटलं, नक्की. त्याने मेणबत्तीच्या काजळीने तो दात काळा केला, नळी बसवली, काढली, जिथे काजळी पुसली गेली होती तिथे कानस मारली, पुन्हा काळा केला, पुन्हा बसवली. सबंध दुपार गेली. मी शेजारी स्टुलावर बसून होते. प्रत्येक वेळी कानस लागली की माझ्या दाढा शिवशिवायच्या. संध्याकाळी नळी अशी बसली की मधे कागद जाईना.

आर्वोला यातलं काही माहीत नव्हतं. मी घरी येऊन त्याच्या मांडीवर ठेवली. दस्ता नवा, पण नळीवरचा तो ओरखडा, मामंजी कुंपणात अडकून पडले होते तेव्हाचा, तो त्याने लगेच अंगठ्याने चाचपला.  मग विचारलं, "हे तौनोला विचारलंस?"

मी हो म्हणाले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, घासा. पडून राहण्यापेक्षा कामाला येऊ दे म्हणाला."

बोलून गेले खरी. तुमच्या तोंडी शब्द घातले. पण काय करणार होते? त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. बंदूक बाजूलाच ठेवली त्याने, नुसतं तौनो हो म्हणाला, तौनो हो म्हणाला, चार वेळा. त्या रात्री मांस-बटाट्याची सगळी पेस्टी खाल्ली, वर कॉफी आणि निसू. कितीतरी दिवसांत ताट असं रिकामं झालं नव्हतं. तो बारीक झालाय हे मी लिहिलं नव्हतं वाटतं. ऑपरेशननंतर होतं तसं. डॉक्टर लोक काही ना काही सांगतच असतात.

त्याला आनंद झाला तो तुमच्या न आलेल्या उत्तराचा, हे लक्षात ठेवा. मी रागावले आहे आणि लपवणार नाही. इतक्या वर्षांत एकदा, एकदाच, मी तुम्हाला काही विचारलं. तेही बंदुकीचं, घरचं-दारचं नाही. त्याला हो-नाही म्हणायला तुमची पेन्सिल झिजली असती का? लोक म्हणतात की फ्लिंट म्हणजे गारगोटी, तिथे जाऊन माणूस दगड होतो. मी आजवर तुमची बाजू घेत होते.

तुमचा तो दस्ता आता तुम्हालाच लखलाभ. ही नळी त्यात बसणार नाही. भिंतीवर ठोका आणि टोपी अडकवायला वापरा.

हेल्मी


तापिओला
२० नोव्हेंबर

प्रिय तौनो भावोजी,

माझं सात तारखेचं पत्र तुम्ही वाचलं असणार. तुम्ही इथून परत घरी पोचलात तेव्हा ते तुमच्या पेटीत पडलेलं असणार, आणि एवढी अख्ख्या दिवसाची गाडी चालवून आल्यावर तुम्ही ते उभ्याउभ्याच फोडलं असणार. त्यातली ती टोपीची ओळ आठवली की मला घास गिळवत नाही. ते पत्र चुलीत घाला, आणि हे वाचा. हेही फाडावंसं वाटलं तर शेवटपर्यंत वाचून मग फाडा.

चौदा तारखेला पेनहेल घरी आला. त्याच्या काखेत तुमच्या लष्करातल्या घोंगडीचं गाठोडं. त्याने ते दोन दिवस दुकानातच ठेवलं होतं, कसं आणावं हे त्याला समजेना. दारातच मला म्हणाला, हेल्मी, माझ्या तोंडाला कुलूप हवं होतं. बारा तारखेला तुम्ही त्याच्या काउंटरशी उभे होतात, टोपी काढून, आणि आधी त्याला दाखवायला गाठोडं सोडत होतात, हे त्याने मला सांगितलं. दस्त्याला चीर गेली होती, ती तुम्ही भरून काढलीत, स्प्रिंग नवी घातलीत, अक्रोडाच्या लाकडाला तेल पाजत पाजत सगळा ऑक्टोबर घालवलात. पत्र काय लिहायचं, घेऊनच जातो, असं तुम्ही त्याला म्हणालात. आणि तो मूर्ख, तुम्हाला बरं वाटावं म्हणून, म्हणाला की छान झालं, ती नळी आम्ही गेल्याच आठवड्यात घासून नव्या दस्त्यात बसवली, कशी खणखणीत बसली आहे.

पुढचंही त्याने सांगितलं. तुम्ही घोंगडीची गाठ परत मारलीत, मग काहीतरी आठवून गाठोडं काउंटरवरच ठेवलंत, आणि म्हणालात, "दोघांची होती. आता एकट्याने ठेवून काय करू." मग गाडी वळवलीत.

पेनहेल हे सगळं दारात बोलला. दार उघडं होतं आणि आर्वो स्वयंपाकघरात बसला होता. त्याचे कान तुमच्यासारखे नाहीत.

त्याने गाठोडं मागितलं. घोंगडी सोडली. त्या लाकडावरून हात फिरवत राहिला, जिथे चीर होती तिथे पुन्हा पुन्हा. तौनोच्या हाताला बापाच्या हाताचं वळण आहे, एवढंच म्हणाला. मग नव्या बंदुकीची नळी काढली आणि तुमच्या दस्त्यात बसवून बंद केली. बंद झाली, भावोजी. पण हलवली की खडखडायची. त्याने ती खिडकीकडे धरली आणि फटीतून बाहेरचा उजेड बघितला. पहिल्या दिवशी दुकानात दुसऱ्या बंदुकीत मी जो बघितला होता, अगदी तसाच.

"तू त्याला विचारलं नव्हतंस," तो म्हणाला.

मी नाही म्हणाले. मग पहिल्या पत्राचंही सांगितलं. तो ओरडला असता तर मला सोसलं असतं. त्याने फक्त नळी काढून मांडीवर घेतली.

"तो आला होता, हेल्मी. पेनहेलच्या दुकानापर्यंत आपणहून आला होता."

हा 'आपणहून' शब्द त्याने का उच्चारला, ते आता सांगते. ते सप्टेंबरातच सांगायला हवं होतं. खांद्याचं ऑपरेशन झालं हे खरं, पण ते खांद्यासाठी झालं नव्हतं. त्याच्या फुप्फुसात आहे आणि आता हाडात उतरलं आहे. जुलैपासून आम्हाला माहीत आहे. मी त्याच दिवशी तुम्हाला कळवणार होते, तर त्याने माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाला, कीव करायला येणारा भाऊ मला नको, यायचं असेल तर आपणहून येऊ दे. म्हणून मी बंदुकीचं निमित्त काढलं. मला वाटलं की मी मोठी हुशार. आजाराचा शब्द काढायचा नाही, पण नळीचा, दस्त्याचा, निसूचा विषय काढायचा, आणि तुम्ही ओळखाल. तुम्ही आजार ओळखला नाहीत, ओळखणार कसे? पण तुम्ही आलात. अगदी त्याला हवं होतं तसे आलात, काही माहीत नसताना, कीव नाही, नुसती बंदूक काखेत. आणि मी तुमच्या वाटेत कानस घालून ठेवली होती.

दोन आठवडे आणखी थांबले असते तर. किंवा पत्रात एकच सरळ ओळ लिहिली असती तर. रात्रंदिवस हेच चालू आहे डोक्यात, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही मला कळतं.

नळी घासायला मी सांगितलं, आर्वोने नाही. मामंजींची बंदूक कायमची मोडली ती मी. तुम्हाला ज्यांच्यावर रागवायचं असेल त्यांच्यात त्याला धरू नका. पेनहेलला विचारलं, परत भर घालून बसवता येईल का. तो म्हणाला, दिसायला बसेल, पण तिच्यात काडतूस घालून कुणाच्या गालाशी लावायला मी देणार नाही.

पंधरा तारखेला आर्वोने जायचंच म्हटलं. खोपट्यापर्यंत मी त्याला जवळजवळ उचलून नेलं. इतका हलका झालाय. शेजारी मी बसले, तुमच्या जागेवर. उजाडल्यावर ओढ्याकडून नर आला, मोठा, मानेला केस आलेला, आणि समोर आडवा उभा राहिला. मी आर्वोच्या कोपराला खुणावलं. तो बघत राहिला, बंदूक काही उचलली नाही. हरीण निवांत चरलं आणि निघून गेलं. मी म्हटलं, का रे, दुखतंय का? तर म्हणाला, "शेवटच्या वेळी बंदूक माझ्या हातात होती, आणि मी चुकलो होतो. यंदा पाळी तौनोची आहे." आणि काडतूस काढून खिशात टाकलं.

तेव्हापासून तो बाहेर पडलेला नाही. खोपट्यापर्यंत जाणं आता व्हायचं नाही. त्याची खाट मी स्वयंपाकघरात आणली आहे. पडलेली सफरचंदं खायला संध्याकाळी हरणं अंगणाच्या टोकाला येतात, ती त्याला खिडकीतून दिसतात. त्याने माझ्याकडून खिडकीशी दोन खुर्च्या मांडून घेतल्या आहेत. बंदूक दाराशी टेकवली आहे, रिकामी. ते एक काडतूस खिडकीच्या चौकटीवर ठेवलंय, आणि पुसायला गेले तरी मला हात लावू देत नाही.

हंगाम तीस तारखेला संपतो. डॉक्टर तीस तारखेचं काही बोलत नाहीत. मी हे पत्र लिहिते आहे हे त्याला माहीत आहे. सगळं लिही म्हणाला. आता कीव आली तरी चालेल म्हणाला, तौनो आल्याशी कारण.

मी तुमची क्षमा मागत नाही, ती मागायला पुढे वेळ मिळेल. एवढंच सांगते की नवा दस्ता गरीब आहे, पण नळी मामंजींची आहे, आणि नेम अजून सरळ लागतो. पेनहेलच्या दुकानाशी थांबू नका. सरळ घरी या.

खिडकीशी एक खुर्ची रिकामी ठेवून,
तुमची वहिनी,
हेल्मी